वर्गणीतला तांडेल

"भावजी, मलापण घ्या की खेळायला," त्रिशलावहिनी दारातूनच म्हणाल्या, आणि माझ्या हातातली कपबशी वाजली.

वाजणारच. आमच्या रविवारच्या खेळाला 'म्हाताऱ्यांची भातुकली' हे नाव याच बाईंनी ठेवलेलं. नवरा माझ्याकडं यायला निघाला की "निघाला का समुद्रावर? येताना मीठ आणा," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. त्याच आज डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभ्या होत्या. पुढं चाकांच्या खुर्चीत त्यांचा नवरा, माझा शाळेपासूनचा दोस्त, सन्मती मगदूम. तो हसत होता. अर्ध्याच चेहऱ्यानं, कारण उजवी बाजू अजून त्याचं ऐकत नव्हती.

हा खेळ काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. 'सात बंदरं' असं त्याचं नाव. टेबलावर नकाशा, फासे, सोंगट्या असतात, पण खरा खेळ तोंडाचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. सूत्रधारानं प्रसंग सांगायचा: वादळ आलंय, शत्रूचं गलबत दिसतंय, पाणी संपत आलंय. मग आपल्या पात्रानं काय केलं असतं ते त्याच्याच तोंडून बोलायचं. सूत्रधार मी, इम्तियाज शिकलगार, सांगलीतल्या एका कॉलेजात जन्मभर गणित शिकवलेला माणूस. स्मिता कोष्टी, जिचं विश्रामबागेत औषधांचं दुकान आहे, ती जहाजावरच्या तोफा सांभाळते. आणि सन्मती म्हणजे जहाजाचा म्होरक्या, तांडेल वज्रमुठे.

प्रत्यक्षात हा आमचा तांडेल हळदीचा अडत्या. पाण्याला इतका भितो की कृष्णेच्या पुलावर कठड्यापासून चार हात लांबून चालतो. पक्का जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, म्हणून आमचा खेळ सकाळी सुरू होतो आणि उन्हं उतरायच्या आत आटोपतो. ज्याच्या जहाजावर मासा शिजत नाही असा जगातला हा एकमेव समुद्री चाचा असावा. पण एकदा का वज्रमुठे अंगात शिरला की याच माणसाच्या आवाजानं माझ्या कपाटाच्या काचा थरथरायच्या.

आता 'सोबती'बद्दल. हे या खेळाचं अधिकृत यंत्र. टेबलाच्या मधोमध ठेवायचं एक काळं कडं, बांगडीहून थोडं मोठं. ते टेबलावर नकाशा उजळतं, फाशांचा हिशोब ठेवतं आणि मुख्य म्हणजे बघतं आणि ऐकतं. कोण कुठल्या पात्राच्या तोंडून काय बोलला, कुठं अडखळला, कुठं हसला, सगळं लक्षात ठेवतं. त्यातून प्रत्येक पात्राच्या बोलण्याचा, आवाजासकट, एक साचा तयार होतो. एखाद्या रविवारी कुणी आलं नाही तर त्याचं पात्र अगदीच मुकं राहू नये, एवढ्यासाठी केलेली सोय. यासाठी महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरायची. नाही भरली की साचा गोठतो, पुढचं काही शिकत नाही.

फुकटच्या नकला बाजारात ढिगानं मिळतात आणि त्यावरून मंडळी मला भरपूर चिडवतात. "मास्तर, गणपतीची वर्गणी मागायला आलं की तुम्ही मागच्या दारानं पळता, आणि या वर्गणीला बरे पैसे सुटतात!" चिडवू देत. फुकटवाल्यांचं यंत्र दर खेळाला नव्यानं जन्माला येतं, त्याला कालचं काही आठवत नाही. माझ्याकडं वज्रमुठेचं आख्खं आयुष्य होतं.

फक्त वज्रमुठेचं. सन्मतीचं नाही. त्याला कारण सन्मतीच. ज्याचे आजे-पणजे भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे, त्याला आपलं बोलणं कुणी साठवून ठेवतंय ही कल्पनाच सोसेना. त्यानं पहिल्याच दिवशी रीत पाडली: स्वतःचं काही बोलायचं असलं की कान धरायचा. कान धरला की सोबतीनं त्या माणसाचं ऐकणं बंद करायचं, तसं सांगून ठेवता येतं त्याला. कान धरून आम्ही हळदीचे भाव बोललो, पोरांची लग्नं, दुखणी, भावकीतली भांडणं, सगळं बोललो. त्यातला एक शब्द यंत्राकडं गेला नाही. गेली ती नुसती वज्रमुठेची गर्जना.

मग सन्मतीला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथं शब्दांची जुळणी होते, तिथला रक्तपुरवठा तुटला. डॉक्टरांनी समजावलं ते असं की शब्द गेलेले नाहीत आणि समजही गेलेली नाही. महापुरात पूल पाण्याखाली जावा आणि पलीकडच्या गावातले दिवे मात्र दिसत राहावेत, तसं झालं होतं. तोंडातून निघायचं ते "ब... ब...", नाहीतर नुसतंच "काय काय". त्याहून वाईट म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल व्हायची. चहा हवा का म्हटलं की जोरात मान हलवून नकार द्यायचा, आणि कप पुढं ठेवला की घटाघटा प्यायचा. या दुखण्यात असं होतंच म्हणे. वहिनींनी हळूहळू त्याला काही विचारणंच सोडून दिलं.

मी त्याला पुन्हा टेबलाशी बसवला तो केवळ चार माणसांत असावा म्हणून. गळ्याला सोबतीचा पट्टा बांधला. हा पट्टा वर्गणीतच मिळतो. घशाचे स्नायू जरासे हलले तरी तो टिपतो, म्हणजे कुणी पुटपुटत बोललं तरी यंत्राला कळावं. मी प्रसंग सांगितला: डावीकडं खडक, उजवीकडं शत्रू. सन्मतीचा गळा हलला. "ख... ब..." आणि त्याच्या पुढ्यात टेबलावर तीन पाट्या उजळल्या, तिन्हींवर वेगवेगळी वाक्यं. खाली चौथी कोरी, 'यातलं काही नाही' म्हणायची. त्यानं डाव्या हाताचं बोट मधल्या पाटीवर टेकवलं.

"खडकाला सांगा, वज्रमुठे येतोय, बाजूला सरक!"

त्याचाच आवाज. जुना, भरदार. स्मिता उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मी जागेवरच रडलो.

यात जादू नाही, गणित आहे, आणि फार देखणं गणित आहे. नुसत्या "ख"वरून माणसाला काय म्हणायचंय हे ओळखणं अशक्य. पण नकाशावर खडक आहे, नजर खडकाकडं आहे, गळ्याचे स्नायू अमुक रीतीनं ताणले जातायत, आणि अशा वेळी वज्रमुठे आजवर काय काय बोललाय तेही ठाऊक आहे. हे सगळं एकत्र केलं की लाखो वाक्यांतून चार-दोनच उरतात. शिवाय ज्यांनी हे बनवलं त्यांना एका गोष्टीसाठी माझा सलाम आहे: बोट टेकल्याशिवाय यंत्र तोंड उघडत नाही. कितीही खात्री असली तरी नाही. वाक्य माणसाच्या पुढ्यात ठेवायचं, त्याच्या तोंडात कोंबायचं नाही. एवढं भान मी माणसांतसुद्धा फार थोड्यांना असलेलं पाहिलंय.

साहजिकच वहिनींनी कडं घरी नेऊन पाहिलं. तिथं ते पार गडबडलं. खेळ नाही, नकाशा नाही, मग अंदाज बांधणार कशावर? सन्मतीला पाणी हवं होतं तर पाटीवर आलं, "गोडं पाणी काढा, नाहीतर एकेकाला समुद्रात फेकतो!" पाणी तरी मिळालं. पण गोळ्या, डोकेदुखी, विजेचं बिल, मुलीचा फोन, यातलं काही वज्रमुठेच्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाई फार अदबीनं म्हणाल्या, "सर, त्यांचं घरातलं बोलणं आमच्याकडे नाहीच. तुम्हीच ते आम्हाला ऐकू दिलं नाही."

आणि नेमकी घरातलीच गोष्ट अडली होती. मुलगी अनुजा वडोदऱ्याला असते. आईबाबांनी आता कायमचं आपल्याकडं यावं, असा तिचा हट्ट. दुकानाला गिऱ्हाईक आलं होतं, घरालाही, आणि त्यांना पाडव्याच्या आत उत्तर हवं होतं. सन्मतीला विचारावं तर एकदा हो, लगेच नाही. 'जायचं' आणि 'राहायचं' असं लिहून पुढ्यात ठेवलं तर दोन्ही कागद बाजूला सारायचा.

"त्यांचं दुकान, त्यांचं गाव, त्यांची माणसं," वहिनी त्या दिवशी दारात उभ्या राहून मला सांगत होत्या. "त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी कशावर सही करणार नाही. अनुजा म्हणती, आई तूच ठरव. असं कसं ठरवू ओ? आजवर मी काय ठरवलंय? तुमच्या त्या तांडेलाला बोलता येतंय ना? मग मी जहाजावर येऊन बोलते त्याच्याशी."

"या की," मी म्हटलं. "पण पात्र घ्यावं लागेल. त्रिशला मगदूम जहाजावर चालणार नाही."

वहिनींनी पात्र घेतलं बयो व्यापारणीचं. या बयोचा माल तांडेलानं मागच्या सफरीत बुडवलाय आणि तो वसूल करायला ती जहाजावर चढलीय, अशी माझी योजना.

पहिला रविवार पार फुकट गेला. वहिनी बोलायला लागल्या की सन्मतीच्या पाट्या विझायच्या. "बिघडलं का ओ हे?" त्या पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा अंधार. मी कडं पुसलं, पट्टा घट्ट केला, कंपनीला चार शब्द सुनावले. शेवटी पुढच्या रविवारी स्मिताच्या ध्यानात आलं. वहिनींना घाबरल्यावर कानातली कुडी चाचपायची सवय! हात कानाला गेला की यंत्राला वाटायचं, ही बाई खेळाबाहेरचं बोलतीय. प्रश्नच ऐकू येत नव्हता, तर उत्तराच्या पाट्या कुठून येणार? वहिनींनी दोन्ही कुड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता बघू कसा बोलत नाही ते."

"तांडेल, माझ्या मिरचीच्या गोण्या पाण्यात गेल्या," बयो म्हणाली. आवाज जरा कापत होता. "त्यांचं काय ते बोला."

सन्मतीचं बोट पाटीवर गेलं. "बाई, या जहाजावर रडणाऱ्याला दुप्पट भाडं पडतं!"

वहिनी ताठ झाल्या. "दुप्पट? आधी या फुटक्या होडीला जहाज म्हणायचं थांबवा, मग भाड्याचं बोला!"

सन्मती हसला. दुखण्यानंतर पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग जे भांडण पेटलं ते काय वर्णावं! ती त्याच्या मिशीची टर उडवायची, तो तिच्या मिरच्यांचा उद्धार करायचा. फासे टाकायचे मीही विसरलो आणि स्मिताही. घरात कधी एकमेकांशी न भांडलेलं हे जोडपं माझ्या टेबलावर कडकडून भांडत होतं आणि दोघांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

त्यानंतर वहिनींनी एक रविवार चुकवला नाही. आणि मी कबूलच करतो, इतक्या वर्षांत इतकी हुशार खेळाडू माझ्या टेबलावर बसली नव्हती. घरातल्या गोष्टी जहाजावर कशा न्यायच्या हे त्यांना पक्कं उमगलं. "तांडेल, जहाजाचा कुठला भाग कुरकुरतोय?" असं विचारायच्या. उत्तर यायचं, "उजव्या बाजूच्या शिडानं बंड केलंय, रात्रभर छळतंय." दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडं जाऊन उजव्या खांद्याच्या दुखण्यावर औषध घेऊन आल्या, आणि ते लागू पडलं. हे कुठल्या तपासणीत सापडलं नव्हतं.

पाडव्याआधीचा रविवार उजाडला. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज विचारून टाकू या, भावजी." कुड्या त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. माझा दोस्त जाणार की राहणार हेही आजच ठरणार होतं. तो राहावा असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं.

मी प्रसंग मांडला. "तांडेल, आपलं बंदर गाळानं भरत चाललंय. उत्तरेच्या एका बंदरातून निरोप आलाय, इकडं या, म्हणून. गेलं की परत येणं नाही. जायचं की राहायचं?"

सन्मतीनं माझ्याकडं असं पाहिलं की त्याला सगळं कळलंय हे मला कळलं.

"बोला, तांडेल," बयो म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पाट्या उजळल्या. यंत्राला जितकी खात्री जास्त, तितकी पाटी लख्ख. पहिली दिव्यासारखी झळकत होती: "नांगर उचला!" वज्रमुठे नेहमी नांगरच उचलतो. वादळ असो, साथ असो, त्याचं उत्तर ठरलेलं. आता सन्मतीनं तिथं बोट टेकवलं तर ते उत्तर त्याचं म्हणायचं की साच्याचं?

त्यानं बोट कोऱ्या पाटीवर टेकवलं. यातलं काही नाही.

नव्या पाट्या आल्या. "बंदर बुडालं तरी वज्रमुठे जागचा हलणार नाही!" मी उगाच खुर्चीत पुढं सरकलो. सन्मतीचं बोट पुन्हा कोऱ्या पाटीवर. जाणं नाही, राहणंही नाही. पुन्हा तीन, पुन्हा नकार. त्याच्या कपाळावर घाम आला.

"थांबू या का? दमलाय तो," स्मिता म्हणाली. सन्मतीनं डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. थांबायचं नव्हतं.

इथं यंत्रानं जे केलं ते मी गणिताच्या माणसाच्या नजरेनं पाहत होतो. प्रत्येक नकारही एक माहितीच असते. हे नको, तेही नको, म्हणजे जे हवंय ते या दोन्हींच्या बाहेर कुठंतरी आहे. पाट्या मंद होत गेल्या. वाक्यांतली गर्जना गेली, फुशारकी गेली. यंत्र वज्रमुठेच्या साच्यातून एकेक पाऊल बाहेर पडत होतं, आणि ज्या बाजूला सन्मती बोट दाखवत नव्हता ती प्रत्येक बाजू सोडून देत होतं. त्याची नजर नकाशावर नव्हतीच, वहिनींवर होती. "त... त... कु..." गळ्यावरचा पट्टा थरथरत होता. टेबल काही वेळ काळंच राहिलं. मग एकच पाटी आली, इतकी अंधुक की मला वाकून वाचावी लागली.

सन्मतीनं तिच्यावर आख्खा तळहात ठेवला.

"तुला कुठं राहायचंय?"

आवाज तोच भरदार, पण हे वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं हे यंत्राला माहीत नव्हतं, म्हणून साधंच आलं. वज्रमुठेनं आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं, हुकूम सोडले होते. आणि खरं बोलायचं तर सन्मतीनंही नाही. घर, दुकान, अनुजाचं कॉलेज, सगळं त्यानं ठरवावं, प्रेमानंच ठरवावं, आणि वहिनींनी "बरं" म्हणावं, अशीच त्यांची गाडी चालली. हे वाक्य त्यानं कधी उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे ते यंत्राकडं असण्याचा प्रश्नच नव्हता. ते तिथवर पोचलं ते निव्वळ त्याच्या नकारांचं बोट धरून. जन्मभर फळ्यावर गणितं सोडवली मी, पण असं सुटलेलं गणित पाहिलं नव्हतं. आणि बोलता येत नसताना, एकेक पाटी मागं सारत, नेमक्या त्याच प्रश्नासाठी अडून बसलेला माझा दोस्त तर मला त्या क्षणी कुठल्याही तांडेलाहून मोठा वाटला.

"मला?" वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली लग्नाला. हे मला पहिल्यांदाच विचारलं तुम्ही."

सन्मतीची नजर हलली नाही.

"मला जायचंय," वहिनी म्हणाल्या, आणि मग धरणाचं दार उघडल्यासारखं सगळं बाहेर आलं. "मला अनुजाकडं जायचंय. इथं दिवसभर मी एकटीच बोलत असते ओ. सकाळपासून झोपेपर्यंत एकटीच. मला भीती वाटती. तुमचं दुकान, तुमचं गाव, तुमचे हे दोस्त, तुम्हाला सोडवायचं नाही म्हणून मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांना सांगत बसले, हे म्हणतील तसं. पण मला जायचंय."

पाट्या पुन्हा उजळल्या. पहिली तीच, त्यानं सगळ्यात आधी नाकारलेली. सन्मतीनं क्षणाचाही विचार केला नाही.

"नांगर उचला!"

कपाटाच्या काचा थरथरल्या. त्याला जायचं नव्हतं असं नाही. तिला विचारल्याशिवाय ते म्हणायचं नव्हतं, एवढंच. वहिनी त्याच्या खुर्चीशी खाली बसल्या आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत-रडत राहिल्या. त्याचा डावा हात त्यांच्या केसांवरून फिरत होता.

मी कड्याकडं पाहत बसलो. ते त्यांच्याबरोबर पाठवायचं, वर्गणी माझ्याच नावानं चालू ठेवायची, रविवारी पडद्यावरून खेळायचं, हे सगळं डोक्यात जुळत होतं. तरीही पुढच्या महिन्यात त्या खुर्चीच्या जागी काय असेल ते मला दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

वहिनींनी डोळे पुसले. "सूत्रधार," बयोच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तांडेलाचा हुकूम ऐकला ना? मग?"

खेळाचा नियम असा की तांडेलानं हुकूम द्यायचा, पण जहाज हलतं ते सूत्रधारानं सांगितल्यावरच. मी न बोलता बसून राहिलो असतो तर ते बंदरातच राहिलं असतं. सन्मती माझ्याकडं बघत होता.

मी जहाजाची सोंगटी हातात घेतली. "वारा दक्षिणेकडून आहे," मी म्हणालो. "अगदी हवा तसा. नांगर वर आला. शिडं भरली. आणि जहाज निघालं."